तापाचा पत्ता

(ताज्या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

मागच्या भागात आपण प्लेटलेट्सबद्दल बोललो होतो. त्यानंतर नालासोपारा पूर्वेहून एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला. त्यांच्या मुलाला पावसाळ्यात डेंग्यू झाला होता. घराजवळच्या लॅबमध्ये कार्डवर टेस्ट केली, पॉझिटिव्ह आली, चार दिवस दवाखान्यात काढले, मुलगा बरा झाला. नंतर कधीतरी त्यांनी पेपरात शहरातल्या डेंग्यू रुग्णांचा आकडा वाचला आणि मला विचारलं, "दादा, आमचा मुलगा या आकड्यात आहे का हो?"

बहुतेक नाही, ताई. आणि त्यात कोणी लपवाछपवी केली असेल असंही नाही. तो आकडा कसा तयार होतो, कुठल्या टेबलावरून कुठल्या टेबलावर जातो आणि वाटेत कुठे गळतो, हे आज सांगतो. मी मायक्रोबायोलॉजीवाला माणूस. वसई-नालासोपारा पट्ट्यात बरीच वर्षं लोकांच्या रक्ताच्या बाटल्या आणि काचपट्ट्या हाताळतोय. त्यामुळे हे सगळं लॅबच्या खिडकीतून दिसतं तसं सांगणार. मंत्रालयातून ते वेगळं दिसत असेल.

सुरुवात तापापासून करू. जुलैचा महिना धरा. सकाळी आठला लॅबचं शटर वर होतं तेव्हा बाहेर सात-आठ जण उभे असतात. सगळ्यांची तक्रार एकच. ताप, अंगदुखी, डोकं ठणकतंय, भूक नाही. यातला एक मलेरियाचा असू शकतो, दुसरा डेंग्यूचा, तिसरा लेप्टोचा, चौथा टायफॉइडचा आणि पाचव्याला नुसता फ्लू. पहिल्या-दुसऱ्या दिवशी चांगल्या डॉक्टरलाही यांच्यात फरक करणं अवघड जातं. आता तुम्ही म्हणाल, औषध तर डॉक्टर देतातच, मग नाव कळून काय फरक पडतो? रुग्णाला पडतोच, पण गल्लीला जास्त पडतो.

कारण प्रत्येक तापामागची घाण वेगळी असते. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. पिंप, ड्रम, फ्रिजखालचा ट्रे, गच्चीवरचं ताडपत्रीतलं पाणी. आमच्याकडे पूर्वेला पाणी रोज येत नाही, त्यामुळे दोन-तीन ड्रम भरलेले नाहीत असं घर शोधावं लागेल. शहरातला मलेरियाचा ॲनॉफिलिस विहिरीत, इमारतीच्या उघड्या टाकीत आणि चालू बांधकामाच्या साचलेल्या पाण्यात वाढतो. लेप्टो उंदराच्या मुतातून पुराच्या पाण्यात येतो आणि पायाच्या भेगांतून अंगात शिरतो. टायफॉइड पिण्याच्या पाण्यातून येतो, म्हणजे कुठेतरी गटाराशेजारून गेलेली पाइपलाइन फुटलेली असते. आता समजा एखाद्या वस्तीत पंधरा जणांना ताप आला आणि कसला ते कुणालाच माहीत नाही. महापालिका काय करणार? धुराची गाडी पाठवणार. धूर दिसतो, आवाज होतो, नगरसेवकाचा फोटो निघतो. लेप्टो असेल तर त्या धुराचा काडीचा उपयोग नाही. टायफॉइड असेल तर त्याच दिवशी प्लंबर पाठवायला हवा होता. डेंग्यू असला तरी धुराने उडणारे डास मरतात, ड्रममधल्या अळ्या तशाच राहतात.

म्हणून साथीवर नजर ठेवायची तर ताप मोजून भागत नाही, तापाचं नाव मोजावं लागतं. ते नाव सांगते लॅब.

हे काही आजचं नाही. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला. डॉक्टर व्हिएगस यांनी तो ओळखला, तेव्हा हा खरंच प्लेग आहे का, यावरच आधी वाद झाला. मग जिवाणू तपासून खात्री करावी लागली. त्यासाठी आलेल्या हाफकिन यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात काम करायला जागा मिळाली, आणि जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी तयार केलेली लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. परळला १८९९ मध्ये प्लेगची प्रयोगशाळा उभी राहिली, तीच पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट झाली. पण त्याच १८९७ साली सरकारने साथरोग कायदाही आणला आणि घरं उपसणं, सामान जाळणं, माणसांना उचलून छावणीत टाकणं सुरू केलं. त्यावरून पुण्यामुंबईत काय घडलं ते तुम्ही शाळेत वाचलंय. उंदराच्या पिसवांमार्फत प्लेग पसरतो हे पक्कं व्हायला नंतर बरीच वर्षं लागली. म्हणजे जंतू दिसला होता, त्याची वाट दिसली नव्हती, आणि मधल्या काळात माणसांची घरं धुतली गेली. लोक मुंबई सोडून रेल्वेने पळाले. आपली विरारची लाइन तेव्हा चांगली जुनी झालेली होती. विरारहून मुंबईला पहिली लोकल १८६७ च्या एप्रिलमध्ये सुटली होती. माणसांबरोबर आजारही लोकलने फिरतो, हे आपल्या भागाला नवीन नाही. यावर मी नंतर येतो, कारण सगळी गोम तिथेच आहे.

आता आजची यंत्रणा. देशात २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम चालतो, त्याला सगळे आयडीएसपी म्हणतात. त्यात तीन फॉर्म होते आणि ते समजले की सगळं समजतं. पहिला एस फॉर्म. तो आरोग्य सेवक भरणार: अमुक घरात ताप, अमुक घरात जुलाब. फक्त लक्षणं. दुसरा पी फॉर्म, डॉक्टरचा. डॉक्टर म्हणतो, मला हा डेंग्यू वाटतो. तिसरा एल फॉर्म, लॅबचा. लॅब म्हणते, हा डेंग्यूच आहे. पूर्वी हे दर आठवड्याला जायचं, सोमवार ते रविवार असा आठवडा धरून. २०२१ च्या एप्रिलपासून आयएचआयपी नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेवर देशभर काम सुरू झालं. आता नुसते आकडे पाठवायचे नाहीत, एकेका रुग्णाची नोंद करायची, गाव-वॉर्डासकट, म्हणजे नकाशावर ठिपका दिसेल. कागदावर फार सुंदर योजना आहे. मी हे चेष्टेने म्हणत नाही, खरंच चांगली आहे. पण ठिपका पडायला दोन गोष्टी लागतात, खात्रीची टेस्ट आणि खरा पत्ता.

टेस्टचं आधी बघू. ताईंच्या मुलाची झाली ती कार्ड टेस्ट, रॅपिड. रक्ताचे दोन थेंब टाका, वीस मिनिटांत रेघ उमटते. उपचाराला ठीक आहे, डॉक्टरला दिशा मिळते. पण डेंग्यूच्या सरकारी मोजणीत रॅपिडची रेघ म्हणजे फक्त संशयित. पक्का रुग्ण धरायचा तर एलायझा पाहिजे. एलायझा म्हणजे शहाण्णव खड्ड्यांची प्लेट, त्यात सीरम घालायचं, रंग येतो, यंत्र तो रंग मोजतं. काही तास लागतात, आणि एका रुग्णासाठी प्लेट लावणं परवडत नाही, म्हणून बारा-पंधरा नमुने जमेपर्यंत थांबतात. सेंटिनेल हॉस्पिटल म्हणून ठरवून दिलेल्या ठिकाणी ही टेस्ट होते आणि तिथे आयजीएम एलायझाचे किट पुण्याच्या एनआयव्हीतून येतात. आमच्या गल्लीतल्या लॅबमधून तिथपर्यंत दुसरा नमुना गेला तर रुग्ण मोजला जातो. नाही गेला तर मुलगा बरा होऊन शाळेत जातो आणि आकडा तिथेच राहतो.

यातही दिवसांचं गणित आहे. डेंग्यूचा एनएसवन हा विषाणूचा स्वतःचा तुकडा, तो तापाच्या पहिल्या पाचेक दिवसांत रक्तात सापडतो. आयजीएम ही आपल्या शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं, ती साधारण पाचव्या दिवसानंतर दिसू लागतात आणि नंतर दोन-तीन महिने राहू शकतात. म्हणजे दुसऱ्या दिवशी आयजीएम केली तर निगेटिव्ह येईल आणि आठव्या दिवशी एनएसवन केली तरी निगेटिव्ह येईल. दोन्ही वेळा रुग्णाला डेंग्यू असू शकतो. उलट आयजीएम पॉझिटिव्ह आली म्हणून आजचा ताप डेंग्यूचाच, असंही नाही, दीड महिन्यापूर्वीचा असू शकतो. म्हणून लॅबच्या फॉर्मवर एक रकाना असतो, "तापाचा कितवा दिवस". दहा फॉर्ममधल्या सात-आठांत तो रिकामा असतो. मी काउंटरवरच्या मुलींना सांगून ठेवलंय, बाकी काही विचारलं नाही तरी चालेल, ताप कोणत्या वारी आला ते विचारा. तारीख लोकांना आठवत नाही, वार आठवतो. "त्या दिवशी उपास होता" म्हटलं की काम झालं.

मलेरियाची गोष्ट जरा वेगळी. तिथे अजून काचपट्टी आणि मायक्रोस्कोप हेच खरं. बोटाला टोचून एका काचेवर जाड थेंब आणि पातळ थर, दोन्ही घ्यायचे. जाड थेंबात परजीवी आहे का ते लवकर कळतं, पातळ थरात कुठला ते कळतं. सरकारी दवाखान्यांत जेएसबी नावाचा रंग वापरतात. हा आपल्याच देशात शोधला गेला, जसवंत सिंग आणि भट्टाचारजी यांच्या नावाचा. स्वस्त आणि पटकन होणारा. व्हायवॅक्स असेल तर यकृतात लपलेल्या परजीवीसाठी चौदा दिवस प्रायमाक्विन, फाल्सिपॅरम असेल तर उपचार वेगळा आणि धोका मेंदूपर्यंतचा. फाल्सिपॅरमचे गॅमेटोसाइट हुबेहूब केळ्यासारखे दिसतात. शिकाऊ मुलांना हे वसईत समजावणं सोपं जातं, आम्ही केळ्यांच्याच वाड्यांत वाढलेली माणसं. जाडजूड राजेळी नाही, बारकी, किंचित वाकलेली.

एका पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. रजिस्टर चाळताना माझ्या लक्षात आलं की चार दिवसांत फाल्सिपॅरमचे पाच रुग्ण आलेत. आमच्या लॅबला हे जास्त होतं. नावं वेगळी, वयं विशी-तिशीची, सगळे पुरुष, दोन वेगवेगळ्या डॉक्टरांकडून आलेले. पत्त्याच्या रकान्यात पाचही जणांपुढे एकच शब्द होता, "साईट". कुठली साईट? फोन लावला तर दोघांचे बंद, तिसऱ्याने मुकादमाला दिला. मुकादम आधी बोलेना. त्याला वाटलं काम बंद पाडायला कोणीतरी फोन केलाय. शेवटी कळलं की पाचही जण एकाच बांधकामावर, तळघरात पाणी साचलेलं, आणि त्यातले काही जण नुकतेच गावाहून आलेले. मी आरोग्य खात्यातल्या ओळखीच्या माणसाला कळवलं. दुसऱ्या दिवशी आरोग्य सेवक तिथे गेले, राहिलेल्या कामगारांच्या काचपट्ट्या घेतल्या आणि तळघराच्या पाण्यात अळीनाशक टाकलं. यात मी काही पराक्रम केला नाही. पाच ओळी एकाखाली एक वाचल्या, एवढंच. पण हेच पाच जण पाच वेगळ्या लॅबमध्ये गेले असते तर कुणाच्याच रजिस्टरमध्ये ते "जास्त" दिसले नसते. म्हणून या ओळी कुठेतरी एका जागी यायला हव्यात.

आता पत्त्याकडे येतो. आपल्या शहराचा प्रश्न इथे सुरू होतो.

वसई-विरार महापालिका २००९ मध्ये झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती. आज ती किती असेल ते सकाळी सात-चाळीसची लोकल पाहून तुम्हीच ठरवा. यातला मोठा भाग रोज मुंबईला जातो. ताप भरतो अंधेरीच्या ऑफिसात. मग माणूस तिथल्याच डॉक्टरकडे जातो, कंपनीने ठरवून दिलेल्या लॅबमध्ये रक्त देतो, आणि नोंद होते अंधेरीत. डास चावला कुठे? एडिस दिवसा चावतो, म्हणजे ऑफिसातही चावला असेल आणि सुट्टीच्या दिवशी घरीही. पण घर आचोळ्याला आहे हे कुणाला कळलंच नाही, तर आचोळ्याच्या ड्रमांकडे कोण बघणार?

दुसरी वाट याच्या उलटी. इथल्या कोपऱ्यावर मोठ्या कंपनीचं नुसतं कलेक्शन सेंटर असतं. रक्त इथे काढतात, संध्याकाळी डब्यात भरून मुंबईच्या मुख्य लॅबला पाठवतात, रिपोर्ट मोबाइलवर येतो. त्या लॅबकडे रुग्णाचं नाव, वय आणि मोबाइल नंबर. पत्ता फार तर "नालासोपारा पू." नालासोपारा पूर्वेत किती माणसं राहतात? संतोष भुवन, तुळिंज, धानिव बाग, पेल्हारपर्यंतची वस्ती. त्या "पू." मध्ये अख्खं एक शहर मावतं.

आणि इथे डासाचं अंतर लक्षात घ्या. एडिस फार लांब उडत नाही, साधारण शंभर ते चारशे मीटरच्या आत त्याचं आयुष्य संपतं. म्हणजे चाळीचा नंबर कळला तर आरोग्य सेवकाला पन्नास-शंभर घरं तपासायची असतात. पिनकोड कळला तर हजारो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. रिपोर्ट दोन दिवसांत पोचला तर अळ्या अजून पाण्यात असतात, ड्रम उपडा केला की काम फत्ते. दोन आठवड्यांनी पोचला तर पुढची पिढी भिंतीवर बसलेली असते, आणि मग येते ती धुराची गाडी.

लोक पत्ता का देत नाहीत, हेही समजून घ्यायला पाहिजे. भाड्याने राहणाऱ्याला वाटतं मालकाला कळेल. बांधकामावरच्या माणसाला वाटतं काम जाईल. कोविडमध्ये आपण काय केलं ते आठवा. सोसायटीच्या ग्रुपवर नावासकट, फ्लॅट नंबरासकट याद्या फिरल्या. ज्याचं नाव त्या यादीत होतं तो पुढच्या वेळी खरा पत्ता देईल का? मी तरी देणार नाही. नोंद सरकारी यंत्रणेकडे जाणं वेगळं आणि व्हॉट्सॲपवर जाणं वेगळं, हा फरक लॅबवाल्यांनी आणि अधिकाऱ्यांनी कडक पाळायला हवा. एचआयव्हीच्या सेंटिनेल सर्वेक्षणात हे सुरुवातीपासून जपलं गेलं. तिथे नमुन्यावर नाव नसतं, हा नमुना कुणाचा हे मागे जाऊन शोधता येत नाही, आणि तरीही देशातल्या साथीचा अंदाज त्यावरून बांधता येतो. टीबीचं बरोबर उलट. २०१२ च्या मे महिन्यापासून प्रत्येक टीबी रुग्णाची नोंद कळवणं खासगी डॉक्टर आणि लॅबलाही बंधनकारक आहे. तिथे नाव-पत्ता लागतोच, कारण त्या माणसाला सहा महिने औषध पोचवायचं असतं आणि घरच्यांना तपासायचं असतं. म्हणजे कुठल्या आजारात किती ओळख लागते हे ठरवता येतं. सगळीकडे सगळं मागायची गरज नसते.

खासगी लॅबची बाजूही ऐका. आमच्यासारख्या लॅबमध्ये दोन-तीन माणसं. सकाळी रक्त काढायचं, दुपारी मशीन चालवायचं, संध्याकाळी रिपोर्ट द्यायचे. त्यात पोर्टलवर एकेक नोंद पुन्हा टाइप करायची. तेच नाव, तेच वय, आधीच आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. दोन्ही जोडून दिलं तर कुणी नाही म्हणणार नाही. आणि एकदा माहिती पाठवली की परत काहीच येत नाही, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. महिन्यातून एकदा एक पान जरी आलं, की तुमच्या भागात या आठवड्यात इतके मलेरिया, इतके डेंग्यू, अमुक वॉर्डात वाढ, तर डॉक्टर आणि लॅबवाले ते भिंतीवर लावतील. स्वतःला उपयोग झाला की माणूस माहिती भरतो.

आता चांगलं कुठे झालं ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस फक्त रडतो.

पहिलं उदाहरण बेलसरचं, पुरंदर तालुका, जुलै २०२१. गावात तापाचे रुग्ण वाढले. कोविडचे दिवस, सगळ्यांचं लक्ष तिकडे. तरी स्थानिक आरोग्य केंद्राने पाच नमुने एनआयव्हीला पाठवले. त्यातले तीन चिकुनगुनिया निघाले. इथे थांबता आलं असतं, नाव कळलं होतं. पण एनआयव्हीचं पथक गावात आलं आणि आणखी ४१ नमुने घेतले. २५ चिकुनगुनिया, ३ डेंग्यू आणि एक झिका. महाराष्ट्रातला तो पहिला झिका रुग्ण. तिघांचाही वाहक तोच एडिस. झिकात ताप हलका असतो, माणूस चार दिवसांत बरा होतो, पण गरोदर बाईला झाला तर बाळाच्या डोक्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. नुसता ताप मोजला असता तर झिका चिकुनगुनियाच्या पंचवीस जणांत हरवून गेला असता. पुढच्याच वर्षी जुलैत आपल्या पालघर जिल्ह्यात, तलासरी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेतल्या मुलीच्या नमुन्यात पुण्याला झिका सापडला. तलासरी ते पुणे हे अंतर नकाशावर बघा. तो नमुना थंड राहून, लेबल न निघता तिथे पोचला, यामागे कुणीतरी नर्स, कुणीतरी ड्रायव्हर आहे. नमुना दोन ते आठ अंशांत ठेवायचा असतो. आमच्या बाजूने डबा घेऊन निघालेली गाडी वरसाव्याच्या पुलाजवळ अडकली की बर्फाच्या पिशव्यांचं काय होतं, ते हायवेने जाणाऱ्यांना सांगायला नको.

दुसरं उदाहरण पोलिओचं, आणि माझ्या मते आपल्या देशात लॅबच्या जोरावर ठेवलेल्या पाळतीचं सगळ्यात पक्कं उदाहरण तेच. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११, पश्चिम बंगालमध्ये हावड्याला. २०१४ च्या मार्चमध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र. पण पोलिओ नाही हे सिद्ध कसं केलं? पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, कारण काहीही असो, की चौदा दिवसांच्या आत, चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यायचे आणि थंड डब्यातून लॅबला पाठवायचे. आपल्याकडचे नमुने मुंबईला परळला तपासले जात. आणि त्यात एक नियम होता, तो मला फार आवडतो. पोलिओशिवाय इतर कारणांनी लुळेपणा येणारी मुलं कुठल्याही भागात काही प्रमाणात असतातच. लाखामागे किमान एक तरी सापडलंच पाहिजे. तुमच्या जिल्ह्यातून एकही कळवलं गेलं नाही, तर शाबासकी मिळायची नाही. विचारणा व्हायची, की तुम्ही बघताय तरी का?

हाच नियम आपल्या तापांना लावून बघा. जुलैच्या एखाद्या आठवड्यात एखाद्या वॉर्डातून डेंग्यू शून्य, मलेरिया शून्य असं आलं, तर त्यावर खूश व्हायचं की काळजी करायची? आधी विचारायचं, किती जणांची टेस्ट झाली? शंभर काचपट्ट्या बघून शून्य आलं तर ते शून्य खरं. एकही काचपट्टी घेतली नाही तर ते शून्य म्हणजे कोरा कागद. पेपरात आकडा येतो तेव्हा टेस्ट किती झाल्या हे जवळजवळ कधीच छापत नाहीत. पत्रकार मंडळी ऐकत असतील तर त्यांनी पुढच्या वेळी एवढं विचारावं.

मुंबईत २००१ पासून सांडपाण्यातही पोलिओचा विषाणू शोधला जातो. एकाही मुलाचा पाय लुळा न पडता विषाणू गटारात सापडू शकतो, म्हणजे कुणाला विचारायचं नाही, कुणाचा पत्ता नको. आपल्याकडे सगळ्या वस्त्यांना मलनिस्सारणाची लाइनच नाही, सेप्टिक टँक आहेत, त्यामुळे हे जसंच्या तसं जमणार नाही. पण तो वेगळ्या भागाचा विषय.

गोवरचंही सांगतो, कारण तो आपल्या दारात आला होता. २०२२ च्या हिवाळ्यात गोवंडी, मालेगाव, भिवंडीत उद्रेक झाले आणि राज्याच्या यादीत वसई-विरारचंही नाव होतं. अंगावर पुरळ आणि ताप, आजी म्हणते "बाया आल्यात", लिंबाचा पाला ठेवते, आणि मूल लॅबपर्यंत येतच नाही. गोवरमध्ये रक्ताची आयजीएम तपासून खात्री करतात, आणि उद्रेक पक्का झाला की त्या वस्तीत लस न घेतलेली मुलं घरोघरी शोधतात. इथे आशाताईंचं काम मोठं. त्या दारात उभ्या राहून "पुरळवाला ताप कुणाला आहे का" विचारतात तेव्हा त्यांना काय मिळतं? बऱ्याच दारांतून "नाही, जा" एवढंच. त्यांनी त्या दिवशी विचारलं नसतं तर लॅबमध्ये बसून मी काय तपासणार होतो?

पावसाबद्दल थोडंसं. २०१८ च्या जुलैत नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी होतं, वसई-विरार लोकल बंद होती, मिठागरातली वस्ती पाण्यात अडकली होती. लोक कमरेएवढ्या पाण्यातून चालले. अशा पाण्यातून चालल्यावर दोन-तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना विचारून लेप्टोसाठी डॉक्सिसायक्लिन घ्यायचं असतं. ताप यायची वाट बघायची नसते. आणि ताप आलाच तर डॉक्टरला आपणहून सांगायचं, मी पाण्यातून चाललो होतो. ते सांगितलं नाही तर डॉक्टर डेंग्यूची टेस्ट लिहितो, ती निगेटिव्ह येते, दोन दिवस जातात, आणि लेप्टोत किडनीला दोन दिवस फार असतात.

तर ताई, तुमच्या मुलाकडे परत येतो. पुढच्या वेळी, देव करो पुढची वेळ न येवो, पण आली तर लॅबच्या फॉर्मवर इमारतीचं किंवा चाळीचं नाव, खोली नंबर, जवळची खूण आणि पिनकोड पूर्ण लिहा. ताप कोणत्या दिवशी सुरू झाला ते लिहा. मागच्या दोन आठवड्यांत गावाला किंवा बाहेर कुठे गेला होतात तेही. रॅपिड पॉझिटिव्ह आली तर डॉक्टरांना विचारा, एलायझासाठी नमुना महापालिकेच्या दवाखान्यात पाठवता येईल का. तुळिंजला किंवा वसईत पेटिट हॉस्पिटलला चौकशी करा. लॅबला विचारा, तुम्ही हे कळवता का? गिऱ्हाइकाने विचारलं की लॅबवाला ऐकतो, हे मी आतल्या गोटातून सांगतोय. आणि आरोग्य सेवक ड्रम बघायला आले तर आत येऊ द्या. पाणी ओतून द्यायला जीवावर येतं, मला कळतं, दोन दिवसांनी आलेलं पाणी असतं. निदान झाकण लावा, फडकं बांधा, आणि आठवड्यातून एकदा ड्रम रिकामा करून आतून घासा. एडिसची अंडी ड्रमच्या भिंतीला चिकटून राहतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत.

पुढच्या भागात टँकरच्या पाण्याची तपासणी कशी होते ते बघू. त्यासाठी तुमच्याकडे टँकर किती दिवसांनी येतो आणि पाणी कशात साठवता, ते मेसेज करून कळवा. फ्लॅट नंबर नको, वॉर्ड पुरे.